ईटीएस आणि कोर्सिया: विमानाच्या धुराचे दोन हिशेब

विमान कंपन्यांच्या कार्बन उत्सर्जनासाठी युरोपीय संघाची ‘ईटीएस’ (उत्सर्जन परवान्यांच्या खरेदी-विक्रीची व्यवस्था) आणि संयुक्त राष्ट्रांच्या ‘आयकाओ’ या नागरी विमान वाहतूक संघटनेची ‘कोर्सिया’ अशा दोन व्यवस्था आहेत. दोन्हींत कंपनीला कार्बनपोटी पैसे मोजावे लागत असल्याने बोलताना दोन्हींना सर्रास ‘कार्बन कर’ म्हटले जाते. प्रत्यक्षात त्यांतली एकही कर नाही, आणि कंपनीला त्या लावत असलेली शिस्त तर अगदीच वेगळी आहे.

ईटीएसमध्ये एकूण उत्सर्जनाची कमाल मर्यादा ठरलेली असून ती टप्प्याटप्प्याने खाली आणली जाते, आणि कंपनीला प्रत्येक टन कार्बन डायऑक्साइडमागे एक परवाना जमा करावा लागतो. पूर्वी यांतले बरेच परवाने फुकट मिळत. त्यांत २०२४ मध्ये २५ टक्के, तर २०२५ मध्ये ५० टक्के कपात झाली आणि २०२६ पासून ही सवलत संपली. कोर्सियात अशी मर्यादाच नाही. २०१९ मधील उत्सर्जनाच्या ८५ टक्के ही तिची सध्याची आधाररेषा असून, सहभागी देशांमधील उड्डाणांचे उत्सर्जन तिच्या वर जितके जाईल तितक्याची भरपाई जंगलरक्षणासारख्या प्रकल्पांची क्रेडिट्स (इतरत्र टाळलेल्या उत्सर्जनाची प्रमाणपत्रे) विकत घेऊन करायची असते.

खरी मेख आकडेमोडीत आहे. एक टन विमान इंधन जळले की सुमारे ३.१६ टन कार्बन डायऑक्साइड तयार होतो. ईटीएसखालील कंपनीने नवी विमाने घेऊन किंवा धावपट्टीपर्यंत एकाच इंजिनावर जाऊन एवढे इंधन वाचवले, तर सुमारे ३.१६ परवाने वाचतात. कोर्सियात मात्र २०३२ पर्यंत कंपनीच्या उत्सर्जनाला संपूर्ण क्षेत्राच्या वाढीचा गुणक (क्षेत्राच्या उत्सर्जनातला आधाररेषेवरचा हिस्सा) लावतात; समजा तो ०.१५ असला, तर एक टन उत्सर्जन टाळून क्रेडिट वाचते जेमतेम ०.१५ टनाचे. इंधन काटकसरीने जाळण्याची प्रेरणा तिथे नियमापेक्षा इंधनाच्या बिलातूनच अधिक येते, असे म्हणावे लागेल.

शाश्वत विमान इंधनाचा हिशेबही निराळा आहे. निकषांत बसणारे इंधन ईटीएस शून्य उत्सर्जनाचे धरते. कोर्सिया मात्र पीक किंवा कचऱ्यापासून विमानाच्या टाकीपर्यंतच्या त्याच्या जीवनचक्रातले उत्सर्जन मोजून, जेवढी बचत होते तेवढीच सूट देते. मे २०२३ मध्ये पुण्याच्या प्राज कंपनीच्या तंत्रज्ञानाने बनवलेले असे इंधन मिसळून पुणे-दिल्ली उड्डाण झाले, पण भारतातल्या भारतातच असल्याने ते दोन्ही व्यवस्थांच्या कक्षेबाहेरचे होते.

व्याप्तीतही गोंधळ होतो. २०१२ मध्ये युरोपने बाहेरून येणाऱ्या उड्डाणांनाही ईटीएस लावायचे ठरवले, तेव्हा भारताने आणि चीनने आपल्या कंपन्यांना आकडेवारी देण्यास मनाई केली. अखेर युरोपला व्याप्ती मुख्यतः आपल्या अंतर्गत उड्डाणांपुरती आवरावी लागली. जागतिक तोडगा म्हणून कोर्सिया २०१६ मध्ये मंजूर झाली खरी, पण तिच्या ऐच्छिक टप्प्यांत भारत सामील झाला नाही. त्यामुळे पॅरिस-रोम विमानाला ईटीएसचे परवाने लागतात, तर मुंबई-फ्रँकफुर्ट विमानाला २०२६ अखेरपर्यंत परवानाही लागत नाही आणि भरपाईही. त्यावर कोर्सियाची भरपाई २०२७ च्या अनिवार्य टप्प्यापासून सुरू व्हायची आहे.