व्हॅल्युअर व्हायचा रस्ता कुठून आला: १८९४ च्या कायद्यापासून ५० तासांच्या कोर्सपर्यंत

सिव्हिल डिप्लोमा केलेली पोरं हमखास विचारतात, आम्हाला व्हॅल्युअर, म्हणजे प्रॉपर्टीची किंमत ठरवून रिपोर्ट देणारा माणूस, होता येईल का? होम लोनसाठी फ्लॅट बघायला येणारा, टेपने खोल्या मोजणारा, वॉचमनला बिल्डिंगचं वय विचारणारा मुलगा बऱ्याचदा डिप्लोमावालाच असतो, पण रिपोर्टवर सही-शिक्का त्याचा नसतो. हे असं का, ते समजायचं तर बरंच मागे जावं लागतं, कारण आपल्याकडे दरवेळी आधी कायदा आला, मग किंमत ठरवणारा माणूस लागला, आणि त्या माणसाला शिकवायचं कसं याचा विचार सगळ्यात शेवटी झाला.

१८९४ चा भूसंपादन कायदा घ्या. सरकारने जमीन घेतली तर मालकाला बाजारभाव द्यायचा असं त्यात आलं, पण बाजारभाव म्हणजे काय आणि तो कोण ठरवणार हा वाद तिथूनच सुरू झाला. दोन वर्षांनी मुंबईत प्लेग आला, १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट झाला, दाट वस्ती पाडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढायचे म्हणून ट्रस्टने भराभर जागा ताब्यात घेतल्या, आणि भरपाई कमी पडली की मालक अपिलासाठी ट्रिब्युनलकडे जायचे. मग दोन्ही बाजूंना आकडा मांडून दाखवणारा माणूस हवा, भाड्यावरून किंमत कशी काढली, शेजारचा प्लॉट कितीला गेला, बांधकामाचा घसारा किती. मुंबई महापालिकेचा १८८८ चा कायदा होताच, त्यात घरपट्टीसाठी वर्षाला येऊ शकणारं वाजवी भाडं धरायचं आणि दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करायचे, म्हणजे भाड्यावरून हिशोब करायची सवय या शहराला आधीपासून होती. या कामाची वेगळी पदवी वगैरे काही नव्हती. इंग्लंडमध्ये सर्व्हेअर लोकांची संस्था १८६८ मध्येच उभी राहिली होती, तिथली पोरं सर्व्हेअरच्या ऑफिसात उमेदवारी करून तयार व्हायची, तीच पद्धत इथे आली आणि खरं सांगायचं तर अजून गेलेली नाही.

महाराष्ट्राच्या बाबतीत मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते १९१४ साल. मुंबई सरकारने त्या वर्षी कन्सल्टिंग सर्व्हेअरचं ऑफिस काढलं, मिरॅम्स नावाचे इंग्रज अधिकारी पहिले कन्सल्टिंग सर्व्हेअर, आणि त्याच ऑफिसचा पुढे आपला नगर रचना आणि मूल्यनिर्धारण विभाग झाला, मुख्यालय पुण्यात. १९१५ मध्ये मुंबई प्रांताचा टाउन प्लॅनिंग कायदा आला, देशातला या प्रकारचा पहिला. त्यातल्या टीपी स्कीममध्ये लोकांचे वेडेवाकडे प्लॉट एकत्र घेऊन नीट आखून परत द्यायचे, म्हणजे आधीची किंमत काढा, नंतरची काढा, मधल्या वाढीतला वाटा मालकाकडून घ्या. त्यामुळे नगररचना करणारा आणि किंमत काढणारा एकाच छताखाली आले. आज व्हॅल्युअरच्या पात्रतेच्या यादीत सिव्हिल आणि आर्किटेक्चरच्या शेजारी टाउन प्लॅनिंगची पदवी दिसते तिचं मूळ माझ्या मते याच नात्यात आहे. रेडी रेकनर म्हणून आपण ज्याला शिव्या घालतो ते वार्षिक मूल्यदर तक्तेसुद्धा या विभागाच्या मूल्यांकन शाखेकडूनच तयार होऊन येतात.

स्वातंत्र्यानंतर टॅक्स आले. १९५३ चा इस्टेट ड्युटी कायदा, १९५७ चा वेल्थ टॅक्स, १९५८ चा गिफ्ट टॅक्स. माणूस वारला तरी प्रॉपर्टीची किंमत काढा, जिवंत असला तरी दरवर्षी काढा, मुलीला घर दिलं तरी काढा. १९६८ मध्ये दिल्लीत इन्स्टिट्यूशन ऑफ व्हॅल्युअर्स ही संस्था झाली. मग १९७२ मध्ये वेल्थ टॅक्स कायद्यात कलम ३४एबी घातलं आणि रजिस्टर्ड व्हॅल्युअर हा अधिकृत प्रकार तयार झाला. गावोगावी जुन्या व्हॅल्युअरच्या पाटीवर ३४एबी लिहिलेलं दिसतं ते हेच.

पण नियम काय होता तर सिव्हिल, आर्किटेक्चर किंवा टाउन प्लॅनिंगची पदवी आणि वर १० वर्षांचा अनुभव, मग तो प्रॅक्टिसचा असो, सरकारी नोकरीतला असो की शिकवण्याचा. परीक्षा नाही, कोर्स नाही. म्हणजे शिक्षण पूर्णपणे ऑफिसात, सीनियरच्या हाताखाली. आणि ते शिक्षण कमी नव्हतं बरं का, मी ते जवळून बघितलंय. पहिलं वर्षभर नुसती मापं, मंजूर नकाशा हातात धरून प्रत्यक्ष बांधकाम ताडून बघायचं, चतुःसीमा जुळतात का, बाल्कनी आत घेतलीय का. मग सब-रजिस्ट्रारकडे जाऊन इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहारांचे उतारे, काढायचे, सातबारा आणि प्रॉपर्टी कार्ड वाचायला शिकायचं, आजूबाजूच्या व्यवहारांची वही ठेवायची. दर लावायची वेळ आली की सीनियर विचारणार, हा सौदा भावाभावातला तर नाही, तो प्लॉट कॉर्नरचा होता का, या बिल्डिंगला ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, आहे का, वरच्या मजल्याला लिफ्ट नाही त्याचे किती कमी केलेस आणि का. त्या "का" ला उत्तर देता आलं की पोरगं तयार झालं समजायचं. अडचण एकच, ऑफिस चांगलं मिळालं तर हे सगळं मिळतं, नाहीतर दहा वर्षं जुन्या रिपोर्टातले आकडे बदलण्यात जातात, आणि कागदावर दोघांचा अनुभव सारखाच दिसतो.

वर्गात बसून हा विषय शिकायची सोय झाली ती गुजरातेत, वल्लभ विद्यानगरला सरदार पटेल युनिव्हर्सिटीत, तिथे रिअल इस्टेट व्हॅल्युएशनची मास्टर्स डिग्री सुरू झाली. ३४एबीच्या नियमातही अशी पदव्युत्तर पदवी असेल तर १० ऐवजी २ वर्षांचा अनुभव पुरे अशी वाट आली. वाट चांगली, पण डिप्लोमाच्या पोरांना तिचा उपयोग नाही, कारण आधी पदवी पाहिजेच.

मधल्या काळात काम टॅक्सकडून बँकांकडे सरकलं. इस्टेट ड्युटी १९८५ मध्ये गेली, गिफ्ट टॅक्स १९९८ मध्ये, २०१५ च्या बजेटने वेल्थ टॅक्सही गेला. दुसरीकडे होम लोन वाढले, २००२ मध्ये बँकांच्या कर्जवसुलीचा सरफेसी कायदा आला, थकलेल्या कर्जाची प्रॉपर्टी विकायची तर आधी व्हॅल्युएशन. रिझर्व्ह बँकेने २००७ मध्ये बँकांच्या पॅनलवर व्हॅल्युअर घेण्याचे नियम बांधून दिले, ५० कोटी आणि वरच्या प्रॉपर्टीला किमान दोन स्वतंत्र रिपोर्ट. रोज ढिगाने साइट व्हिजिट व्हायला लागल्या आणि सही करणाऱ्या एका माणसामागे फिरणाऱ्या पोरांची फळी उभी राहिली.

मोठा बदल २०१७ चा. कंपनी कायद्याचं कलम २४७ त्या ऑक्टोबरमध्ये लागू झालं, दिवाळखोरीचं काम बघणारं आयबीबीआय हेच व्हॅल्युअरचंही प्राधिकरण झालं, आणि ३१ मार्च २०१८ पासून परीक्षा सुरू झाली. मान्यताप्राप्त संस्थेकडे ५० तासांचा कोर्स, मग कॉम्प्युटरवर दोन तासांचा पेपर, पास व्हायला ६० टक्के, चुकलं की निगेटिव्ह मार्क. लँड अँड बिल्डिंग या प्रकारासाठी पदवीनंतर ५ वर्षांचा अनुभव, पदव्युत्तर असेल तर ३. पन्नास वर्षं ऑफिस चालवलेल्या लोकांनाही पेपर द्यावा लागला, त्यावर खूप नाराजी होती आणि मला ती कळते, पण परीक्षा आली हे चांगलंच झालं, निदान सगळ्यांना एक समान पट्टी तरी लागली. ५० तास मात्र फार थोडे आहेत. इंडेक्स टू नीट वाचायला शिकायलाच त्याहून जास्त वेळ जातो.

आता डिप्लोमावाल्यांचं. पूर्वी त्यांना एएमआयई होतं, इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनीअर्सची परीक्षा, नोकरी करत दोन सेक्शन काढले की पदवीच्या बरोबरीचं धरायचे. जुन्या पिढीतले कितीतरी लोक दिवसा साइट आणि रात्री अभ्यास करून याच वाटेने वर आले. पण पदवीच्या बरोबरीची ती मान्यता ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवलेल्यांपुरतीच उरली. मग राहतं ते डायरेक्ट सेकंड इयर, पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, म्हणजे डिप्लोमाची तीन वर्षं, पदवीची तीन, त्यावर अनुभवाची पाच. हा अनुभव पदवीनंतरचाच धरतात, त्यामुळे डिप्लोमा करून चार वर्षं साइट व्हिजिट केल्या असतील तर त्या हिशोबात येत नाहीत.

आणि गंमत नाही, खरंच विचार करण्यासारखी गोष्ट ही की सरकारी विभागात शिडी आहे. त्याच १९१४ च्या नगर रचना विभागात रचना सहायक डिप्लोमावर भरती होतो, अनुरेखक, म्हणजे नकाशे ट्रेस करणारा, आयटीआयच्या ड्राफ्ट्समन कोर्सवर. विभागाच्या नावात मूल्यनिर्धारण आहे, नकाशे आणि मोजमापं ही पोरं सांभाळतात. खाजगी क्षेत्रात त्याच पोराला असिस्टंट व्हॅल्युअर म्हणून नोंदणी करायला एक पायरीसुद्धा नाही. २०२० मध्ये सरकारने नेमलेल्या साहू समितीने व्हॅल्युअर्स बिलाचा मसुदा दिला आणि नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ व्हॅल्युअर्स सुचवलं, २००८ मध्येही एक बिल तयार झालं होतंच. परत कधी हा विषय निघेल तेव्हा साइटवर टेप धरणाऱ्या मुलाच्या चार वर्षांना काही क्रेडिट द्या, त्याची लॉगबुक ठेवा, सीनियरने त्यावर सही करावी, एवढं तरी त्यात यावं असं मला मनापासून वाटतं.