स्त्रियांचे चयापचयी आरोग्य : व्यायाम व आहारपूरके

रक्तातील ग्लुकोज व मेद, रक्तदाब आणि पोटाभोवतीची चरबी हितकर मर्यादेत राहावी यासाठी स्त्रियांनी नियमित व्यायामाच्या जोडीला जीवनसत्त्वे, मेदाम्ले, प्रथिने यांसारखी पूरके घेण्याची पद्धती. पूरक हे औषध नव्हे आणि रोजचे जेवणही नव्हे. एखादा अन्नघटक गोळी, चूर्ण वा द्रव या रूपात मोजून घेतला की त्याला पूरक म्हणतात. दोन्ही उपायांच्या परिणामांची नुसती बेरीज होते, एकाने दुसऱ्याला बळ मिळते, की एक दुसऱ्याला मारक ठरतो, हा या विषयातील कळीचा प्रश्न आहे.

संकल्पनेचा उगम : चयापचयातील बिघाड एकेकटे न येता समूहाने (यालाच चयापचयी लक्षणसमूह म्हणतात) येतात, हे प्रथम कोणी ओळखले याविषयी एकमत नाही. काही इतिहासकार हा मान 18 व्या शतकातील इटालियन शारीरविज्ञ मोर्गान्यी यांना देतात. पण त्यांच्या शवविच्छेदनाच्या नोंदींत आजची संकल्पना पाहणे काहीसे ओढूनताणून वाटते. स्वीडिश वैद्य किलिन यांनी 1923 मध्ये उच्च रक्तदाब, रक्तशर्करेची वाढ आणि यूरिक अम्लाची वाढ यांची सांगड घातली. ब्रिटिश वैद्य हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी 1936 मध्ये इन्शुलिनला दाद देणारा व न देणारा असे मधुमेहाचे दोन प्रकार वेगळे केले. सर्वसाधारणपणे संकल्पनेचे जनकत्व अमेरिकन वैद्य जेरल्ड रीव्हन यांच्याकडे जाते. त्यांनी 1988 मध्ये ‘सिंड्रोम एक्स’ या नावाने हा समूह मांडला व इन्शुलिन-रोध (इन्शुलिनला पेशींनी पुरेशी दाद न देणे) हे त्याचे मूळ मानले. मात्र त्यांच्या मूळ मांडणीत लठ्ठपणाला स्थान नव्हते. स्त्रियांच्या दृष्टीने मार्सेयचे जाँ व्हाग यांचे 1947 चे काम अधिक मोलाचे ठरावे. धड व पोटावर साठणारी ‘पुरुषी’ चरबी आणि नितंब-मांड्यांवर साठणारी ‘स्त्रैण’ चरबी हा भेद करून, रोगांचा धोका पहिल्या प्रकाराशी निगडित असल्याचे त्यांनी दाखवले. लिंगभेदाचा धागा या विषयात शिरला तो येथे.

या लक्षणसमूहाच्या पुढील व्याख्यांत हा भेद आकड्यांनी आला. अमेरिकन तज्ज्ञमंडळाने 2001 मध्ये कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांसाठी 102 सेंमी. व स्त्रियांसाठी 88 सेंमी. ठरवली, उच्च घनतेच्या कोलेस्टेरॉलची किमान पातळी अनुक्रमे 40 व 50 मिग्रॅ. प्रति डेसिलिटर धरली. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने 2005 मध्ये यूरोपीय व दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी घेर 80 सेंमी.वर आणला. त्याच वर्षी अमेरिकन व यूरोपीय मधुमेह संघटनांनी हा समूह स्वतंत्र विकार मानावा का, असा आक्षेप घेतला. 2009 च्या संयुक्त निवेदनाने पाचपैकी (कमरेचा घेर, रक्तदाब, ग्लुकोज, उच्च घनतेचे कोलेस्टेरॉल व ट्रायग्लिसराइडे हे रक्तातील मेद) कोणतेही तीन निकष पुरेसे मानले. आक्षेप मात्र पुरता मिटलेला नाही.

व्यायामाची क्रिया : आकुंचन पावणाऱ्या स्नायूपेशीत ग्लुटफोर हे वाहक प्रथिन पेशीपटलाकडे सरकते आणि इन्शुलिनच्या मदतीवाचूनही ग्लुकोज आत घेतले जाते. व्यायामानंतर वाढलेली इन्शुलिन-संवेदनशीलता (इन्शुलिनला दाद देण्याची पेशींची क्षमता) एक ते तीन दिवसांत ओसरते. म्हणून आठवड्यातून एकदाच केलेला भरपूर व्यायाम अपुरा पडतो. सारख्याच सापेक्ष तीव्रतेच्या दीर्घ व्यायामात स्त्रिया पुरुषांपेक्षा मेदाचा वापर अधिक करतात, व यात ईस्ट्रोजेनाचा वाटा असल्याचे मानले जाते. रजोनिवृत्तीनंतर चरबी पोटाकडे सरकते. प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची शिफारस आठवड्याला मध्यम तीव्रतेचा 150 ते 300 मिनिटे व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायुबलवर्धक व्यायाम अशी आहे.

एकत्रित वापर : सर्वांत मोठा वाद प्रतिऑक्सिडीकारकांचा, म्हणजे ऑक्सिजनाच्या क्रियाशील रेणूंना निष्प्रभ करणाऱ्या क व ई जीवनसत्त्वांसारख्या पदार्थांचा. जर्मनीतील रिस्टो व सहकाऱ्यांनी 2009 मध्ये चार आठवड्यांच्या व्यायामासोबत काहींना रोज 1,000 मिग्रॅ. क जीवनसत्त्व व 400 एकक ई जीवनसत्त्व दिले. पूरके न घेणाऱ्यांची इन्शुलिन-संवेदनशीलता सुधारली. घेणाऱ्यांची सुधारली नाही. व्यायामात निर्माण होणारे ऑक्सिजनाचे क्रियाशील रेणू हेच शरीराला जुळवून घेण्याचा इशारा देतात व पूरक तो इशारा पुसून टाकते, असे स्पष्टीकरण दिले गेले. त्यानंतरच्या एका डॅनिश चाचणीत, अधिक काळ व्यायाम करूनही, असा अडथळा दिसला नाही. मात्रा, कालावधी व आधीचा सराव यांतील फरक पाहता हे निष्कर्ष परस्परविरोधी असतीलच असे नाही. मात्र दोन्ही चाचण्यांत सहभागी झालेले सर्व जण पुरुष होते. तरीही स्त्रियांना दिल्या जाणाऱ्या सल्ल्यांत हे निष्कर्ष बिनदिक्कत वापरले जातात.

मत्स्यतेलाबाबत चित्र अधिक स्पष्ट आहे. 2007 च्या एका ऑस्ट्रेलियन चाचणीत जादा वजनाच्या स्त्री-पुरुषांना 12 आठवडे रोज 6 ग्रॅ. मत्स्यतेल व आठवड्यातून तीनदा 45 मिनिटे व्यायाम, स्वतंत्रपणे व एकत्र, देण्यात आला. तेलाने ट्रायग्लिसराइडे घटली, व्यायामाने धमन्यांची लवचिकता सुधारली आणि शरीरातील मेद दोहोंमुळे स्वतंत्रपणे कमी झाला. म्हणजे येथे बेरीजच दिसते. वृद्धांच्या बलवर्धक व्यायामात मत्स्यतेलाचा जादा लाभ स्त्रियांमध्ये दिसला, पुरुषांत नाही, असे 2017 च्या एका ब्रिटिश अभ्यासात आढळले. तो लाभ स्नायूंचा होता, चयापचयाचा नव्हे. दोहोंत गल्लत होते.

प्रथिनपूरक स्नायू राखण्यासाठी सुचवले जाते. तथापि 2016 मधील एका अभ्यासात रजोनिवृत्त लठ्ठ स्त्रियांनी केवळ आहाराने सुमारे 10 टक्के वजन घटवले, तेव्हा जादा प्रथिने घेणाऱ्यांमध्ये अपेक्षित इन्शुलिन-संवेदनशीलता वाढली नाही. त्यात व्यायामाचा समावेश नव्हता.

बहुपुटी अंडाशय विकारात (पीसीओएस) इनॉसिटॉल हे शर्करेसारखे संयुग पूरक म्हणून लोकप्रिय आहे. 1999 मध्ये त्याच्या एका प्रकाराने मोठी आशा निर्माण केली; 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने पुरावा मर्यादितच मानला. ड जीवनसत्त्वाच्या रोज 4,000 एककांनी मधुमेहाचा धोका लक्षणीय घटला नाही, असे 2019 च्या मोठ्या चाचणीत दिसले.

लोहाचा विचार वेगळा करावा लागतो. ते चयापचय ‘सुधारत’ नाही. कमतरता भरून निघाल्यावर व्यायाम झेपू लागतो, इतकेच. मासिक स्रावामुळे ही कमतरता स्त्रियांत अधिक आढळते. व्यायामानंतर तीन ते सहा तासांनी हेप्सिडीन हे संप्रेरक वाढून लोहाचे शोषण घटवते, त्यामुळे त्या वेळी घेतलेली गोळी बरीचशी वाया जाते. लोहसाठे कमी असलेल्या स्त्रियांवरील 2017 च्या अभ्यासात रोजच्यापेक्षा दिवसाआड घेतलेल्या मात्रेतून एकूण शोषण अधिक झाले.

सुरक्षितता : हरित चहाच्या अर्कातील मुख्य कॅटेचिन (चहातील एक प्रतिऑक्सिडीकारक) दिवसाला 800 मिग्रॅ. वा अधिक घेतल्यास यकृताला इजेची चिन्हे दिसू शकतात, असे यूरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2018 मध्ये नोंदवले. लाल यीस्ट तांदळातील मोनॅकोलिन के हे लोव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल घटवणाऱ्या औषधाशी रासायनिकदृष्ट्या एकरूप आहे, म्हणून गर्भवतींसाठी ते वर्ज्य मानले जाते.