राजीखुशीचा घटस्फोट: अर्ज नक्की कुठे अडतो

"दोघंही तयार आहोत, मग अडचण काय?" जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कोर्टांच्या आवारात हा प्रश्न सारखा कानावर पडतो. तयारी असते, खरंच असते. अडतं ते तारखांपाशी, नावांपाशी आणि घरात जपून ठेवलेल्या एका स्टॅम्पपाशी.

आधी त्या स्टॅम्पचं बोलू. पूर्वी तो शंभराचा असायचा, आता पाचशेचा असतो. दोन्हीकडचे मामा-काका बसतात, गावातली चार वजनदार माणसं बसतात, दागिने-भांडी परत होतात, नोटरीचा शिक्का पडतो आणि 'फारकत झाली' म्हणून सगळे चहा पिऊन उठतात. हिंदू विवाह कायदा, १९५५ प्रमाणे हा घटस्फोट नाही. कलम २९(२) मध्ये रूढीने होणारा घटस्फोट शाबूत ठेवलेला आहे, हे खरं. पण तशी रूढी आपल्या समाजात पूर्वापार, खंड न पडता चालत आली आहे हे कोर्टात पुराव्याने सिद्ध करावं लागतं. 'आमच्यात असंच चालतं' एवढं बोलून भागत नाही. या कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न लावलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. नोटरीला लग्न मोडण्याचा अधिकार नाही. फी घेताना तो हे सांगत नाही, एवढंच.

सातपुड्याच्या पट्ट्यातल्या, म्हणजे अक्कलकुवा, धडगाव, शिरपूर, चोपडा, यावलकडच्या भिल्ल, पावरा कुटुंबांचं मात्र वेगळं आहे. कलम २(२) प्रमाणे केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय हा कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही. त्यांनी पुढे सांगितलेला अर्ज करण्याआधी वकिलाला जमात स्पष्ट सांगावी. लपवून अर्ज केला तर पुढे सगळंच वादात सापडतं. मुस्लिम आणि ख्रिश्चन जोडप्यांचे कायदे वेगळे आहेत, आणि नोंदणी पद्धतीने लग्न झालं असेल तर विशेष विवाह कायद्याचं कलम २८ पाहायचं.

बाकीच्यांसाठी हिंदू विवाह कायद्याचं कलम १३-ब. अटी तीन: किमान एक वर्ष वेगळं राहणं, एकत्र नांदणं शक्य नसणं आणि लग्न संपवण्यावर दोघांची सहमती. सर्वाधिक घोळ पहिल्या अटीत होतो.

आपल्याकडे मुलगी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येते. वाद आधीपासून धुमसत असतो, ती सासरी परत जात नाही, आणि विभक्त झाल्याची तारीख विचारली की उत्तर येतं, 'मागच्या आखाजीपासून'. कायदा तिथीवर चालत नाही. २०२४ ची आखाजी १० मेला होती, २०२५ ची ३० एप्रिलला. जी मुलगी २०२४ च्या आखाजीला आली, तिचं वर्ष २०२५ च्या आखाजीला पूर्ण झालेलंच नव्हतं. दहा दिवस कमी पडत होते. अर्जात इंग्रजी तारीख लिहायची आणि ती दोघांच्या प्रतिज्ञापत्रांत एकच हवी. नवरा 'मे' म्हणतो, बायको 'गौरी-गणपतीनंतर' म्हणते, तिथेच न्यायाधीश पेन खाली ठेवतात.

हे वर्ष अर्ज दाखल होण्याच्या लगेच आधीचं आणि सलग हवं. मध्ये पंचांनी समजूत घातली आणि ती महिनाभर नांदून आली, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. सासऱ्याच्या दहाव्याला जाऊन आली तर मोजणी मोडत नाही. पण पती-पत्नी म्हणून पुन्हा राहिले की मोडते. एकाच घरात राहूनही माणसं विभक्त असू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच सांगितलं आहे. खेड्यातल्या दोन खोल्यांच्या घरात ते पटवून देणं मात्र जड जातं.

अर्ज कुठे करायचा? जिथे लग्न लागलं, जिथे दोघं शेवटचे एकत्र राहिले, किंवा पत्नी सध्या जिथे राहते, यांपैकी कुठेही. कौटुंबिक न्यायालय असेल तर तिथे, नसेल तर वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात. सुरतच्या उधना-लिंबायतमध्ये संसार केलेल्या आपल्या माणसांना वाटतं की आता गुजरातलाच खेटे घालावे लागणार. तसं नाही. लग्न अमळनेरला लागलं असेल किंवा पत्नी पारोळ्याला माहेरी असेल, तर इकडे अर्ज चालतो. फक्त तिच्या आधारवर अजून सुरतचा पत्ता असतो. ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला आणि वडिलांच्या रेशनकार्डची प्रत आधीच घेऊन ठेवा.

आता तो कागद, जो निम्म्या लोकांकडे नसतो: विवाह नोंदणीचा दाखला. मंडपात लग्न झालं, जेवणावळ उठली, नोंदणी राहिली. मग कुणीतरी सांगतं, 'दाखल्याशिवाय फाईल घेणार नाहीत, आधी नोंदणी करा.' म्हणजे काडीमोड घ्यायला निघालेल्या दोघांनी शेजारी उभं राहून, तीन साक्षीदार आणि भटजींच्या सहीसह लग्नाची नोंद करायची! याची गरज नाही. हिंदू विवाह कायद्याचं कलम ८ स्पष्ट सांगतं की नोंदणी नसली म्हणून विवाह अवैध ठरत नाही. लग्नपत्रिका, विधीचे फोटो आणि लग्न मान्य करणारी दोघांची प्रतिज्ञापत्रं जोडा. खिडकीवर अडवलं तर वाद घालू नका, आक्षेप लेखी मागा. लेखी म्हटलं की बरेच आक्षेप विरघळतात.

नावाचंही तसंच. पत्रिकेत माहेरचं नाव, लग्नात तांदळात लिहिलेलं नवं नाव आधारवर, आणि बँकेत तिसरंच काहीतरी. ही सगळी नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र अर्जासोबतच द्या. पहिल्या तारखेला हरकत निघाल्यावर धावपळ करण्यात काही अर्थ नाही. बाकी आधार, फोटो, मुलांचे जन्मदाखले, वकीलपत्र हे नेहमीचंच.

तडजोडीच्या अटींवर वेळ घालवा, कारण हुकूमनाम्यानंतर, म्हणजे घटस्फोटाच्या अंतिम आदेशानंतर, त्या बदलणं अवघड असतं. स्त्रीधनाची यादी करा, 'सर्व वस्तू मिळाल्या' असं मोघम लिहू नका. एकरकमी पोटगी रोख देऊ-घेऊ नका. काही रक्कम अर्जाच्या वेळी, उरलेली शेवटच्या जबाबाच्या दिवशी डिमांड ड्राफ्टने. संमती हुकूमनामा होईपर्यंत मागे घेता येते, म्हणून सगळे पैसे आधी देणारा फसतो आणि सगळे शेवटी ठेवणारी रडते. 'मुलासाठी यापुढे काही मागणार नाही' हे वाक्य आईकडून लिहून घेऊ नका. पोटगी हा मुलाचा हक्क आहे, तो आईला सोडता येत नाही.

आणि ४९८-अ, म्हणजे नवऱ्याने-सासरच्यांनी केलेल्या छळाचा गुन्हा (१ जुलै २०२४ पासूनच्या घटनांसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ८५). पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदलेला असेल तर घटस्फोटाने तो आपोआप संपत नाही. तो रद्द करायला उच्च न्यायालयात जावं लागतं. आपल्या तिन्ही जिल्ह्यांसाठी औरंगाबाद खंडपीठ. तिथे हजर राहून संमतीचं प्रतिज्ञापत्र देण्याची अट तडजोडीत घाला. ती नसली की घटस्फोट मिळालेला माणूस वर्षानुवर्षं फौजदारीच्या तारखा करत बसतो.

अर्ज दाखल झाला, समुपदेशकांपुढे बोलणं झालं, पहिला जबाब झाला. बाहेर येताच कुणीतरी विचारतं, "व्हयी गयं ना सर्व?" नाही झालं. अर्ज दाखल झाल्याच्या तारखेपासून सहा महिन्यांनंतर आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा येऊन दुसरा जबाब द्यायचा असतो. मोजणी अर्जाच्या तारखेपासून, पहिल्या जबाबाच्या नव्हे. कापूस वेचणीत, लग्नसराईत ही तारीख विसरणारे कमी नाहीत, आणि मधल्या काळात मुलाला स्थळं दाखवायला सुरुवात करणारे तर त्याहून जास्त.

सहा महिने थांबायचं नसेल तर सूट मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अमरदीप सिंग प्रकरणात ही मुदत न्यायालयाला शिथिल करता येते असं ठरवलं. मात्र पहिल्या जबाबाआधीच दीड वर्ष वेगळं राहणं झालेलं हवं, समेटाचे प्रयत्न संपलेले हवेत आणि पोटगी, मुलांचा ताबा यांचा निकाल लागलेला हवा. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. वकिलाला तोंडी सांगून सूट मिळत नाही. दोघांपैकी कुणी परदेशात असेल तर व्हिडिओ कॉन्फरन्सची परवानगी मागता येते, तीही लेखीच.

खर्चाची भीती असेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही, मोफत वकील मिळतो. हेल्पलाईन १५१००. याची माहिती देणारा फलक सहसा जिन्याखाली असतो, म्हणून इथे लिहिलं.

हुकूमनामा झाला की त्याच आठवड्यात नकलेचा अर्ज करा आणि दोन-तीन प्रमाणित प्रती घ्या. पासपोर्ट, बँक, मुलांची शाळा, पुढचं लग्न, सगळीकडे शिक्क्याची नक्कल मागतात. मूळ तडजोडपत्राचीही नक्कल सोबत काढा. नाव बदलायला गेलं की ती हमखास विचारतात.