शंख, सीपॅप आणि घशातली मऊ नळी

ऑगस्ट २०२५ मध्ये जयपूरच्या डॉक्टरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नियमित शंख वाजवल्याने स्लीप ॲप्नियाच्या, म्हणजे झोपेत घसा मिटून श्वास पुन्हा पुन्हा अडण्याच्या आजाराच्या, रुग्णांना फायदा होतो, असं त्यात दिसलं. त्यावरून ‘शंख फुंका, झोपेचं मशीन फेकून द्या’ असे फॉरवर्ड मलाही आले. हे मशीन म्हणजे सीपॅप, मास्कमधून दाबाने हवा सोडून घसा उघडा ठेवणारं यंत्र. मूळ अभ्यासात मध्यम तीव्रतेचे अवघे ३० रुग्ण होते आणि त्यातल्या १६ जणांनी शंख वाजवला. सहा महिन्यांनी त्यांची दिवसाची पेंग सुमारे एक तृतीयांशाने कमी झाली आणि श्वास अडण्याचे प्रकार तासाला चार-पाचने घटले. मध्यम आजार म्हणजे तासाला १५ ते ३० वेळा श्वास अडणं. २२ चे १७ झाले तर ती सुधारणा खरीच, पण आजार मध्यमच राहिला. तेवढ्या जोरावर मशीन बंद करणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

तरी शंखाने थोडाफार गुण का येतो? त्यासाठी दिव्य लहरी लागत नाहीत, घशाचे स्नायू पुरतात.

नाकातला हवेचा मार्ग हाडांनी वेढलेला असतो. खाली श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्या असतात. मधल्या भागाला, म्हणजे पडजिभेच्या आणि जिभेच्या मागच्या ग्रसनीला, असा सांगाडाच नाही. ती निव्वळ स्नायूंची मऊ नळी आहे. गिळताना ती आवळावी लागते, बोलताना तिचा आकार क्षणाक्षणाला बदलावा लागतो. मात्र श्वास आत घेताना तिच्यातला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो. कागदी स्ट्रॉने घट्ट मिल्कशेक जोरात ओढला की स्ट्रॉ मध्येच चपटी होते, तसंच या नळीचं व्हायला हवं. जागेपणी होत नाही, कारण हनुवटीच्या आतल्या बाजूपासून जिभेत पसरलेला जिनिओग्लॉसस नावाचा स्नायू प्रत्येक श्वासाच्या किंचित आधी ताठ होतो आणि जीभ पुढे ओढून धरतो. झोप लागली की मेंदूकडून त्याला येणारा हुकूम मंदावतो. स्वप्नांच्या झोपेत तर आणखीच.

नळी कोणत्या दाबाला मिटते हे मोजता येतं. त्याला क्रिटिकल क्लोजिंग प्रेशर म्हणतात आणि ते पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये, म्हणजे तेवढ्या खोल पाण्याच्या दाबात, मोजतात. निरोगी माणसात झोपेत ते उणे ८ च्याही खाली असतं, म्हणजे नळी मिटायला चांगलीच ओढ लागते. घोरणाऱ्यांत ते शून्याकडे सरकतं. ॲप्नियाच्या रुग्णात ते शून्याच्या वरही जातं, म्हणजे ओढ नसतानाही नळी मिटते. जिभेतली आणि मानेभोवतीची चरबी हा आकडा वाढवते. लहान किंवा मागे गेलेला जबडाही वाढवतो, म्हणून हा आजार सडपातळ माणसांनाही होतो. नळी मिटू लागली की आत येणारी हवा एका वजाबाकीवर ठरते: नाकाकडचा दाब उणे हा क्रिटिकल दाब. छातीने खालून कितीही जोर लावला तरी प्रवाह वाढत नाही.

तो निष्फळ जोर शेजारी झोपलेल्याला दिसतो. घोरणं एकदम थांबतं. छाती आणि पोट हलत राहतात, पण एक वर आलं की दुसरं खाली जातं. नाकाशी हात धरला तर वारा लागत नाही. दहा, वीस, कधी चाळीस सेकंद असे जातात. मग मोठा फुत्कार, अंगाला झटका, आणि पुन्हा घोरणं सुरू. दरम्यान रक्तातला ऑक्सिजन उतरलेला असतो, मेंदू काही क्षण जागा झालेला असतो, रक्तदाब उसळलेला असतो. तासाला ३० वेळा म्हटलं तर सात तासांत हे २१० वेळा होतं आणि सकाळी त्यातलं काही आठवत नाही. ‘कसा ढाराढूर झोपलाय’ असं आपण ज्याच्याबद्दल म्हणतो, त्याला रात्रभर धड झोप मिळालेली नसते. शिवाय बंद नळीविरुद्धच्या ओढीने हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात. शरीरात पाणी जास्त झालं असा त्याचा अर्थ लागून लघवी वाढवणारं संप्रेरक सुटतं. रात्री तीन-चारदा उठणाऱ्यांनी साखर आणि प्रोस्टेटबरोबर याचीही तपासणी करायला हवी.

सीपॅप या वजाबाकीतला पहिला आकडा वाढवतं. पूर्वी गंभीर रुग्णाच्या गळ्याला भोक पाडणं हाच खात्रीचा इलाज होता. १९८० साली सिडनीत कॉलिन सलिव्हन यांनी ब्लोअरने नाकात हवा सोडून नळी उघडी ठेवली आणि १९८१ मध्ये पाच रुग्णांचा अहवाल ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दिला. दाब बहुधा १० सेंटिमीटरच्या आसपास लागतो. पेल्यात तेवढ्या खोल बुडवलेल्या नळीतून बुडबुडे काढायला लागतो, तेवढाच.

बाकीचे उपाय दुसरा आकडा खाली आणतात. दातांवर बसवायचं साधन खालचा जबडा पुढे धरतं. सौम्य ते मध्यम आजारात ते चालतं, पण दात मजबूत हवेत. शंखाने स्नायूंना व्यायाम होतो. वजन घटलं की जिभेतली चरबी घटते. टर्झेपेटाइड या वजन घटवणाऱ्या इंजेक्शनला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठ रुग्णांच्या मध्यम ते गंभीर ॲप्नियासाठी मान्यता मिळाली. त्याचा गाजावाजा मोठा झाला, पण चाचणीत वर्षभराने श्वास अडण्याची सरासरी तासाला सुमारे ५० वरून २५ वर आली. निम्मा आजार गेला, निम्मा उरला.

म्हणून मध्यम आणि गंभीर आजारात माझं मत आधी सीपॅप, जोडीला वजन घटवणं. सीपॅपची अडचण आहे ती वापराची. २०१६ च्या एका मोठ्या चाचणीत हृदयाच्या किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या २,७१७ रुग्णांमध्ये सीपॅपने हार्ट अटॅक कमी झाले नाहीत. पेंग मात्र घटली. ते रुग्ण मशीन रात्री सरासरी ३.३ तासच लावत होते. मास्क टोचतो, घसा कोरडा पडतो, हवा डोळ्यांकडे गळते. मापाचा मास्क आणि हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर यांनी यातलं बरंच सुटतं, म्हणून पहिल्याच महिन्यात तक्रार सांगावी. लाईट गेली तर गुदमरेन ही भीती गावाकडे फार. पण मास्कला हवेची छिद्रं असतात आणि तोंड-नाक झाकणाऱ्या मास्कला सुरक्षा झडपही असते. त्या रात्री ॲप्निया परत येईल इतकंच, त्यामुळे इन्व्हर्टर असलेला बरा. बहुतेक मशीन रोज किती तास वापरलं, किती हवा गळली आणि तासाला किती वेळा श्वास अडला हेही नोंदवून ठेवतात. तो शेवटचा आकडा ५ च्या खाली येत नसेल, तर ती नोंद घेऊन डॉक्टरांकडे जा.