मांसासाठी पाळलेल्या वासरांचं धनुर्वात लसीकरण

अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया या देशांत मांसासाठी गुरं पाळतात, तिथल्या वासरांना धनुर्वाताची लस द्यायची पद्धत, आणि तिचा मुख्य संबंध येतो तो नर वासरांना वृषणांच्या वर रबरी रिंग (बँड) लावून खच्ची करण्याशी. घोडा आणि मेंढीच्या मानाने गुरं या रोगाला बरीच दाद देत नाहीत, म्हणून सगळीकडे ही लस सरसकट देतातच असं नाही, पण एकदा रोग जडला की जनावर बहुतेक वेळा हातचं जातं.

धनुर्वाताचं वर्णन फार जुनं आहे, सुश्रुतसंहितेत धनुःस्तंभ येतो, त्या ग्रंथाच्या काळाबद्दल मात्र एकमत नाही. जंतू कोणी शोधला यावरही दोन-तीन नावं पुढे येतात. १८८४ मध्ये इटलीत कार्ले आणि रात्तोने यांनी रोग्याच्या जखमेतला पू सशांना टोचून रोग लागू शकतो हे दाखवलं, त्याच वर्षी जर्मनीत निकोलायरने मातीतून तो प्राण्यांत आणला आणि तिथे जंतूही पाहिला, पण शुद्ध स्वरूपात तो वेगळा काढला जपानच्या कितासातोने १८८९ मध्ये, त्यामुळे शोधाचं श्रेय त्याला देणं जास्त बरोबर वाटतं. १८९० मध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी जंतूच्या विषाला निकामी करणारं प्रतिविष दाखवलं. फॉर्मॅलिन आणि उष्णता वापरून विष निरुपद्रवी करायची रीत साधारण १९२३-२४ च्या सुमारास फ्रान्सच्या गास्तों रामोंने बसवली (इंग्लंडमध्ये ग्लेनी माणसाच्या घटसर्पाच्या (डिप्थेरियाच्या) विषावर असंच काम करत होता) आणि रामों हा मूळचा पशुवैद्य होता हे मुद्दाम सांगावंसं वाटतं.

हा जंतू, क्लॉस्ट्रिडियम टेटानी, ऑक्सिजन नसेल तिथेच वाढतो. रबरी रिंगखालचा भाग रक्तपुरवठा तुटल्यामुळे मरत जातो, आठवडे लोंबत राहतो, आणि शेणमातीतले बीजाणू तिथे शिरले की त्यांना हवी तशी जागा मिळते. वासरू लहान असताना धोका कमी, वाढलेल्या गोऱ्ह्याला बँड लावला तर जास्त.

सगळ्यात मोठा घोळ लसीच्या बाटलीवरच्या आकड्याचा आहे, म्हणजे एका लसीत किती घटक आहेत त्याचा. अमेरिकेत ज्याला सेव्हन-वे म्हणतात त्यात फऱ्या आणि आंत्रविषाराचे जंतू येतात पण धनुर्वात साधारणपणे नसतो, एट-वे म्हटलं तरी आठवा घटक दरवेळी धनुर्वाताचाच असेल असं नाही, काही उत्पादनांत असतो, काहींत त्याऐवजी दुसराच क्लॉस्ट्रिडियम असतो. ऑस्ट्रेलियात उलट, तिथल्या फाइव्ह-इन-वन मध्ये धनुर्वात असतोच. म्हणून आकडा मोठा म्हणजे संरक्षण जास्त असं समजू नये, लेबलवर टेटानी हे नाव छापलंय का ते वाचावंच लागतं, आणि न वाचता बँड लावलेलं वासरू असं हकनाक जातं याचं वाईट वाटतं.

टॉक्सॉइड (वर सांगितलेलं निरुपद्रवी केलेलं विष) लस कातडीखाली, मानेवर देतात, पहिल्या डोसनंतर साधारण ३ ते ६ आठवड्यांनी दुसरा (लेबलप्रमाणे), आणि खरं संरक्षण दुसऱ्यानंतरच येतं, तेव्हा बँड त्यानंतर लावायचा. बँडच्या दिवशीच पहिला डोस दिला तर तो वेळेत कामाला येत नाही. घाई असेल तर प्रतिविषाचं इंजेक्शन (प्रतिबंधासाठी बहुधा १५०० युनिट) लगेच काम करतं, पण त्याचा असर एक-दोन आठवडेच टिकतो आणि मेलेला भाग त्याच्यापुढेही लटकत असतो, म्हणून सोबत टॉक्सॉइड सुरू करतात. गाभण गाईला शेवटच्या महिन्यांत लस दिली तर चिकातून वासराला प्रतिपिंडं मिळतात, पण तीच नंतर वासराच्या स्वतःच्या लसीचा जोर कमी करू शकतात.

लक्षणांत ताठ चाल, पोटफुगी, डोळ्यावर तिसरी पापणी येणं, दातखीळ.

महाराष्ट्रात गोऱ्हे मांसासाठी वाढवत नाहीत, बैलासाठी खच्ची करतात तेही बर्डिझो चिमट्याने, त्यात कातडी फाटत नाही म्हणून धोका कमी. पावसाळ्याआधी मिळणाऱ्या गुरांच्या घटसर्प-फऱ्याच्या लसीत धनुर्वात येत नाही, त्यामुळे वेसण टोचताना किंवा नाल ठोकताना झालेल्या जखमेला तिचा उपयोग नाही.