दुय्यम साधने (संशोधनलेखन)

दुय्यम साधने : समकालीन कागदपत्रांच्या आधारे पुढे कोणी केलेले लेखन. इतिहासग्रंथ, चरित्र, शोधनिबंध, समीक्षा, कोशातली नोंद हे सगळे यात येते. मूळ पत्र, सनद, शिलालेख, हिशेबाची वही ही अस्सल किंवा प्राथमिक साधने. दुय्यम म्हणजे हलके असे नव्हे. वाचक आणि घटना यांच्या मधे कोणीतरी आहे, एवढेच त्यातून कळते.

एकच पुस्तक एका प्रश्नापुरते दुय्यम आणि दुसऱ्या प्रश्नापुरते प्राथमिक ठरते. ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी ग्रँट डफ याचा मराठ्यांचा इतिहास (१८२६) सतराव्या शतकासाठी दुय्यम आहे. पण पेशवाई बुडाल्यावर कंपनीचा अधिकारी मराठ्यांकडे कसा पाहत होता, हे शोधणाऱ्याला तोच अस्सल पुरावा. वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या २२ खंडांच्या मालेत (पहिला खंड १८९८) छापलेली पत्रे प्राथमिक, तर काही खंडांच्या दीर्घ प्रस्तावना दुय्यम. आणि दोन्ही एकाच बांधणीत. विद्यार्थी इथेच घसरतात. राजवाड्यांचे मत ते ‘साधनांत असे म्हटले आहे’ म्हणून ठोकून देतात.

दुय्यम साधनांवर किती भिस्त ठेवावी, याचे मराठीतले सर्वांत बोलके उदाहरण शिवजन्माच्या तिथीचे आहे. डफने जन्माचे साल १६२७ दिले, उत्तरकालीन बखरींतही शके १५४९ चा वैशाख होता, आणि पुढची पुस्तके एकमेकांवरून हेच उतरवत गेली. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली (जेधे घराण्याकडची सालवार नोंदींची यादी) प्रसिद्ध केली. तीत फाल्गुन वद्य ३, शके १५५१ (इ. स. १६३०) अशी नोंद निघाली. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या समकालीन संस्कृत काव्यातही तीच तिथी आहे. दहा पुस्तके एकच गोष्ट सांगत असली आणि दहाही एकाच बखरीवरून आली असली, तर पुरावा एकच. म्हणून दुय्यम ग्रंथ हाती आला की आधी त्याच्या तळटिपा पाहाव्यात, मजकूर मागाहून.

तळटीप आहे म्हणून ती मूळ कागदापर्यंत पोचवतेच असे नाही. डफने आधार म्हणून दिलेले बरेच कागद पुढच्या अभ्यासकांना सापडेनात आणि त्याने ते जाळले असा प्रवादही उठला. नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी डफवर टीका लिहिली ती १८६०च्या दशकाच्या अखेरीस, विद्यार्थिदशेतच. दुय्यम ग्रंथाशी कसे भांडावे याचा तो मराठीतला आरंभीचा धडा मानायला हरकत नाही.

शोध घेताना मराठी विषयांसाठी शं. ग. दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ अजून कामी येते. तिचे दोन भाग १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० या काळातली पुस्तके नोंदवतात. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाचे (स्थापना १९१०) त्रैमासिक चाळावेच लागते. विद्यापीठांतले प्रबंध शोधगंगा या संग्रहात पाहता येतात.

मिळालेले साहित्य आपल्या लेखनात तीन तऱ्हांनी येते : शब्दशः अवतरण, आपल्या शब्दांत मांडणी, किंवा सारांश. तिन्हींना संदर्भ लागतो. शब्द बदलले की संदर्भाची गरज संपली, हा गैरसमज फार पसरलेला आहे. अवतरणांची माळ ओवून त्यात ‘तसेच’, ‘शिवाय’ घालत गेलेला प्रबंध मात्र संदर्भांनी गच्च भरलेला असूनही त्यात लेखक सापडत नाही. अवतरण तिथेच द्यावे, जिथे मूळ शब्दांवरच वाद आहे.

सर्वांत सर्रास चालणारी लबाडी म्हणजे न पाहिलेल्या ग्रंथाचा हवाला. कोणाच्या तरी तळटिपेतला राजवाड्यांचा खंड आणि लेखांक (खंडातल्या पत्राचा क्रमांक) उचलून आपण तो खंड उघडल्यासारखे लिहायचे. लेखांक मूळ तळटिपेत चुकलेला असला की चूक पिढ्यान्‌पिढ्या फिरते आणि तिच्यावरूनच चोर सापडतो. सरळ मार्ग असा : मूळ ग्रंथाचे नाव, त्यापुढे ‘उद्धृत’ आणि मग आपण प्रत्यक्ष वाचलेले पुस्तक व पृष्ठ.

मराठी संदर्भलेखनाच्या काही अडचणी खास इथल्या आहेत. ‘तत्रैव’ (म्हणजे आधीच्या तळटिपेतलाच ग्रंथ) लिहून ठेवावे आणि नंतर मधे एखादी नवी तळटीप घुसवावी, की ‘तत्रैव’ भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवतो. शेवटच्या प्रुफापर्यंत पूर्ण नावेच ठेवलेली बरी. जुन्या ग्रंथांवर साल शालिवाहन शकात असते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. शके १५५१ चा फाल्गुन म्हणूनच १६३० मध्ये पडतो. ७८ मिळवणाऱ्याच्या हाती १६२९ लागते.

वाङ्मयचौर्याबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम लागू आहेत. इतरांच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, ६० टक्क्यांवर गेल्यास संशोधकाची नोंदणी रद्द होते. योग्य श्रेय दिलेली अवतरणे आणि संदर्भसूची या मोजणीतून वगळतात.