सूर्योदयकालीन संकेतवाढ आणि अँटेनाची निवड

हौशी रेडिओच्या १६०, ८० आणि ४० मीटर तरंगलांबीच्या, म्हणजे कमी कंप्रतेच्या निम्न पट्ट्यांवर दूरदेशीचे संकेत सूर्योदयाच्या आसपास काही मिनिटे वाढतात आणि मग झपाट्याने विरतात. या अल्प काळात कोणती अँटेना सरस ठरेल, हे संकेत आकाशातून किती कोनात उतरतो यावर अवलंबून असते.

जमिनीपासून सुमारे ६० ते ९० किमी उंचीवरचा आयनांबराचा (सूर्यकिरणांनी विद्युतभारित होणाऱ्या उंच वातावरणाचा) डी थर दिवसा या कंप्रता शोषून घेतो. कंप्रता जितकी कमी तितके शोषण अधिक, म्हणून १६० मीटरचा पट्टा आधी बंद पडतो आणि ४० मीटर बराच वेळ तग धरतो. संकेत जमिनीकडे परतवणाऱ्या, सुमारे ३०० किमीवरच्या एफ थराला मात्र सूर्य क्षितिजाखाली १७ अंशांवर असतानाच ऊन लागते. डी थर पुरता तयार होण्यापूर्वी तिथले आयनीभवन सुरू होते. दिवस-रात्रीच्या सीमेवर एफ थर कललेला असल्यामुळे रात्रभर लहान कोनात येणारे संकेत या वेळी चढ्या कोनात उतरतात, असे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते.

एरवी दूरच्या संपर्कासाठी उभ्या अँटेनाचा मान मोठा, कारण तिचे प्रारण क्षितिजालगत जाते. ८० मीटरवर पाव तरंगलांबीची उभी अँटेना सुमारे २० मीटर उंच होते आणि तिच्या पायथ्याशी रेडियल तारांचे, म्हणजे चहूबाजूंना जमिनीवर पसरलेल्या तारांचे जाळे लागते. माळव्याची काळी माती ओली असताना चांगली वाहक असली, तरी तिच्या भरवशावर रेडियल टाळणे शहाणपणाचे नाही. आडवा डायपोल (मधोमध जोडणी दिलेली ताणलेली तार) लहान कोनात प्रभावी ठरायचा तर तो निदान अर्ध्या तरंगलांबीइतका, म्हणजे ८० मीटरच्या पट्ट्यासाठी ४० मीटर उंच हवा. इंदूरच्या रामबागेसारख्या दाट वस्तीत गच्चीवर १०-१२ मीटरवर ताणलेल्या तारेची बहुतेक शक्ती थेट वर जाते, त्यामुळे ती फक्त देशांतर्गत गप्पांपुरती मानली जाते. सूर्योदयाला मात्र हीच बुटकी तार कधीकधी उभ्या अँटेनावर मात करते, शिवाय आडव्या ध्रुवीकरणामुळे (लहरींचे विद्युत कंपन आडवे असल्यामुळे) आसपासचा विद्युत गोंगाटही सहसा कमी उचलते. तेव्हा एकच उत्तम अँटेना शोधत बसण्यापेक्षा दोन्ही उभारून मध्ये एक स्विच ठेवणे अधिक फलदायी, कारण अनुकूल कोन पाच-दहा मिनिटांतही पालटू शकतो.

इंदूर ७५.९ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे प्रमाणवेळेच्या ८२.५ अंश रेखांशाच्या बऱ्याच पश्चिमेला असल्याने तेथील सूर्योदय घड्याळाप्रमाणे सुमारे २६ मिनिटे उशिरा होतो: जानेवारीत साधारण ७.०८, तर जूनमध्ये ५.४० च्या सुमारास. जानेवारीतील त्या क्षणी युरोपात उत्तररात्र असते आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर नुकताच सूर्यास्त होऊन गेलेला असतो. उन्हाळ्यात व पावसाळ्यात विजांमुळे रेडिओत उठणारा खडखडाट १६० मीटरवर क्षीण संकेत ऐकू देत नाही, म्हणून या पट्ट्यावरचा खरा हंगाम हिवाळाच होय.